अकरा वर्षांचं वॉशिंग मशीन गेलं, आता कोणतं घेऊ? (घर बेळगावच्या शहापुरात, पाणी मिश्र)

शहापूरची_सून | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. आमचं फ्रंट लोड (समोरनं दार असलेलं) मशीन शनिवारी गेलं. तसं ते दिवाळीपासनंच कुरकुरत होतं, स्पिनला लागलं की सांबऱ्याला विमान उतरतंय असा आवाज. परवा आवाज वाढत वाढत गेला आणि एकदम खाट् करून थांबलं. आत सासूबाईंची दोन लुगडी आणि मुलांचे युनिफॉर्म, दार उघडेना. शेवटी खालचं बारकं झाकण फिरवून परातीत पाणी काढलं, पाच पराती. फिल्टरमध्ये दोन रुपयांचं नाणं, ब्लाउजचे तीन हुक आणि गेल्या वर्षी "शाळेतच कुणीतरी चोरला" म्हणून ज्याच्यावरून घरात रडारड झाली तो धाकट्याचा बॅज.

मेकॅनिक बघून गेला. ड्रमचं बेअरिंग गेलंय, टब कंपनीतनंच चिकटवून बंद केलेला, म्हणून अख्खा टब बदलायचा, साडेनऊ हजार. एवढ्या जुन्या मशीनवर तेवढे घालायचे नाहीत हे ठरलंय.

माणसं सहा. नवऱ्याचे उद्यमबागेतल्या कारखान्यातले ऑइलचे कपडे रोज. मशीन पहिल्या मजल्यावर बाथरूमला लागून. नळाचं पाणी येतं त्या दिवशी ते, नाहीतर बोअर, दोन्ही संपमधनं (जमिनीखालच्या टाकीतनं) गच्चीवरच्या एकाच टाकीत. बजेट तीस-पस्तीस. आणि पाऊस तोंडावर आलाय, जून लागला की आपल्याकडं कपड्यांचं काय होतं ते सांगायला नको.

मला परत फ्रंट लोडच हवंय. सासूबाई म्हणतात सेमी-ऑटोमॅटिक घ्या (धुवायचा टब वेगळा, सुकवायचा वेगळा), ते बिघडलं तर कुणीही दुरुस्त करतो. नवरा म्हणतो काय घेशील ते घे, या रविवारपर्यंत घे.

कंपनी कुठली चांगली, तेवढं सांगा.

निपाणीकर | सोमवार, रात्री १०:१५

कंपनी नंतर. आधी तुमच्या पिनकोडला कोण येतो ते विचारा.

आमचं सांगतो. निपाणीहून महाराष्ट्रातलं कागल वीसेक किलोमीटर, बेळगाव सत्तरच्या पुढं. तीन वर्षांमागं कोल्हापुरातनं मशीन आणलं, हजारभर स्वस्त पडलं. बिल महाराष्ट्राचं, वॉरंटी देशभर, त्यात काही खोट नाही. पण तक्रार नोंदवली की तिकडच्या संगणकाला दिसतो तो पिनकोड. आमचा ५९१ नं सुरू होणारा, कागलचा ४१६ नं. कागलचा मेकॅनिक ओळखीचा, आमच्या चौकात चहाला येतो, पण म्हणतो, "तुमचा कॉल मला दिसतच नाही ओ." कॉल जायचा बेळगावला आणि तिथला माणूस आठवड्यातनं एकदा चिक्कोडी-निपाणीची फेरी काढायचा. पाणी उपसायचा बारका पंप गेला होता, तो बसेपर्यंत सतरा दिवस हातानं धुणं. फोनवर आधी कन्नड, मग हिंदी. शेवटी बायको कन्नडमध्ये भांडली, तिचं माहेर गोकाकचं, ते कामाला आलं.

आयएफबीचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला, एलजीचा पुण्याजवळ रांजणगावला. दोन्ही आपल्याला जवळच. पण कारखाना जवळ म्हणजे मेकॅनिक जवळ, असं कुठल्याच कंपनीचं धरून चालू नये. तुम्ही शहापूरला, तुमचं बरं आहे. तरी दुकानात पैसे देण्याआधी कंपनीच्या नंबरवर स्वतः फोन करा, पिनकोड सांगा, माणूस किती दिवसांत येतो ते विचारा.

तिसरं_गेट | सोमवार, रात्री १०:३२

ओ ताई, तुम्ही कंपनी विचारालाय, पाणी कसलं ते बगा की आदी! मिश्र म्हंजे काय? बोअरचं पाणी कडक (क्षारांचं) असलं तर सोन्याचं मशीन आणा, हीटरवर पांढरा थर बसणारच. आमच्या बोअरनं गीझरची दोन कॉइल खाल्ली.

घरच्या घरी बघायचं तर दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, एकीत बोअरचं, अर्धी अर्धी. अंगाच्या साबणाचा कीस चिमूटभर टाकून हलवा. डिटर्जंटची वडी घेऊ नका, ती कडक पाण्यात पण फेस देते, मग काय कळत नाही.

पुण्यातला_बेळगावी | सोमवार, रात्री ११:०५

एवढा विचार कशाला? हल्ली वॉशर-ड्रायर एकत्र मिळतं, वायफाय असतं, ऑफिसमधनं सुरू करता येतं. पावसाळ्याचा प्रश्नच मिटला.

तिसरं_गेट | सोमवार, रात्री ११:०९

ऑफिसमधनं सुरू करतो, पण कपडे आत कोण घालणार, वायफाय?

शहापूरची_सून | मंगळवार, सकाळी ७:२०

वॉशर-ड्रायर बजेटबाहेर आहे. आणि आठ किलो धुणारी त्यातली बरीच मशीनं एका वेळी वाळवतात पाचच किलो, हे मी दुकानात विचारून आले. म्हणजे अर्धे कपडे बाहेर काढून ठेवायचे.

बाटल्यांचा प्रयोग केला, मुलांना घेऊन. नळाच्या पाण्याला मस्त फेस, दहा मिनिटं टिकला. बोअरच्या बाटलीत फेस जवळजवळ नाहीच, वर फाटलेल्या दुधासारखे कण आणि काचेला चिकट रेघ. धाकटा म्हणतो हे ताक झालं.

उद्यमबागकर | मंगळवार, दुपारी १:४५ (जेवणाच्या सुट्टीत)

वैनी, मी लेथवर असतो, त्यामुळं बेअरिंगवर बोलायचा थोडा हक्क आहे.

अशा मशीनला मागं दोन बेअरिंगं असतात, बहुतेक ६२०५ आणि ६२०६, बाजारात सुटी कुठंही मिळतात, दोन्ही मिळून हजाराच्या आत. बेअरिंग आपणहून जात नाही. त्याच्या पुढं रबराचं ऑइल सील असतं, ते झिजलं की साबणाचं पाणी आत, ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो, मग तुमचं विमान. ज्या टबचे दोन भाग स्क्रूनं जोडलेले असतात तो उघडून बेअरिंग ठोकून बदलता येतं. तुमचा चिकटवलेला, म्हणून साडेनऊ हजार. नवीन घेताना दुकानदाराला हा प्रश्न विचारा: टब उघडतो का? त्याला माहीत नसणार, पण मेकॅनिकला असतं.

दुसरं, ड्रमच्या पाठीला तीन पायांचा स्पायडर असतो, बहुतेक ॲल्युमिनियमचा. तुमचा "खाट्" आवाज मला तरी स्पायडरचा वाटतो. पावडर जास्त, पाणी कडक आणि मशीन कायम ओलं, हे तिन्ही जमलं की तो पोखरत जातो. म्हणून धुणं झालं की दार उघडं ठेवायचं. आमची ही लगेच लावून घेते, का तर घर नीट दिसत नाही.

आता साहेबांच्या कपड्यांचं. ते मशीनला घालत असाल तर दाराच्या रबराला पण त्रास. ते रबर साबणाला दाद देत नाही पण खनिज तेलानं फुगतं. आमच्यात काहीजण कपडे आधी केरोसीनमध्ये बुचकळतात आणि मग मशीनला. तसलं कधीच करू नका, आत वाफ साठून पेट घ्यायची भीती. मी काय करतो, वेगळ्या बादलीत गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड, रात्रभर. सकाळी ते काळं पाणी ओतून मग मशीन. पोरांच्या युनिफॉर्मबरोबर मिसळायचं नाही.

गच्चीवरची_टाकी | मंगळवार, रात्री ९:१०

सगळे बोलले, पण टाकी किती उंच आहे हे कुणी विचारलंच नाही! ताई, मशीन पहिल्या मजल्यावर आणि टाकी लगेच वरच्या स्लॅबवर. फ्रंट लोडला पाण्याला ठराविक दाब लागतो. पुस्तिकेत कुठं ०.३ बार लिहिलेलं असतं, कुठं ०.५, कुठं १. हिशोब सोपा आहे: पाणी दहा मीटर उंच असलं की एक बार, म्हणजे दहा फुटाला ०.३. टेप घ्या आणि मशीनच्या नळापासनं टाकीच्या बुडापर्यंत सरळ उभी उंची मोजा. पाइप किती लांब फिरून येतो ते मोजू नका. उलट वळणं जास्त असतील तर वाहताना दाब आणखी पडतो.

जुन्या मशीनला पाणी भरायला किती वेळ लागायचा? मध्येच "पाणी नाही" असं दाखवून थांबायचं का?

शहापूरची_सून | बुधवार, सकाळी ६:५०

थांबायचं! आम्हाला वाटायचं मशीनच खराब. महिन्यातनं दोनदा तरी व्हायचं, मग मी बादलीनं साबणाच्या कप्प्यातनं पाणी ओतायची आणि ते परत चालू व्हायचं.

मोजलं. खोली दहा फूट, वर टाकीखाली फूटभर विटांचा चौथरा, मशीनचा नळ जमिनीपासून तीन फुटांवर. म्हणजे आठ फूट. त्याच नळाखाली दहा लिटरची बादली ठेवली, भरायला एक मिनिट पन्नास सेकंद.

गच्चीवरची_टाकी | बुधवार, सकाळी ७:३०

आठ फूट म्हणजे ०.२४ बार, टाकी तळाला गेली असताना. मिनिटाला साडेपाच लिटर. अकरा वर्षं चाललं हेच नशीब. तिथंच ठेवायचं असेल तर एकतर प्रेशर पंप, नाहीतर कमी दाबावर भरणारं टॉप लोड (वरनं कपडे घालायचं). "झिरो प्रेशर" हे स्टिकर बघून जाऊ नका, शून्य दाबाला पाणी येईल कसं? पुस्तिकेत आकडा असतोच, तो वाचा. आणि नळाच्या तोंडाशी जाळी असते बारकी, ती तरी कधी साफ केली होती का?

शहापूरची_सून | बुधवार, सकाळी ७:३४

जाळी असते?

खानापुरी | बुधवार, दुपारी ३:००

आमच्याकडं विहिरीचं पाणी मऊ, दाबाची अडचण नाही, पण दोन गोष्टी सांगतो. एक उंदीर. पावसात शेतातनं घरात येतात आणि मशीनच्या बुडातनं आत. आमची वायर कुरतडली होती, वॉरंटीत बसत नाही. खाली जाळी आहे का बघा, नसली तर बसवून घ्या. दोन, वळवाच्या विजा. मे महिन्यात एका कडकडाटात आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, साडेपाच हजार. मशीनवर भलंमोठं "१० वर्षं वॉरंटी" लिहिलेलं, मी खूश. ती मोटरची! बोर्ड दोन वर्षांनंतर आपल्या खिशातनं. आता ढग भरले की पिन काढतो, बटण बंद करून भागत नाही.

अर्थिंग पण तपासा. ओल्या हातानं ड्रमला शिवल्यावर हाताला मुंग्या येत असतील तर मशीन बदलून उपयोग नाही.

शाळामास्तर_निवृत्त | बुधवार, सायंकाळी ६:२०

सूनबाई, सासूबाईंचं म्हणणं एवढं टाकाऊ नाही हो. सेमीला दाब लागत नाही, बादलीनं पाणी ओता. बोर्ड नाही, टायमर आहे, गल्लीतला माणूस दुरुस्त करतो. दहा-बारा हजारांत येतं. आणि सुकवण्याचा टब बघा, मिनिटाला तेराशे फेरे! टॉप लोड सातशेवर अडतं. आमच्या घरी पावसात सेमीचे कपडे शेजारच्या टॉप लोडपेक्षा आधी वाळतात, हे मी पंधरा वर्षं बघतोय.

उद्यमबागकर | बुधवार, रात्री ८:०५

मास्तर, निरीक्षण बरोबर, पण फेऱ्यांचा आकडा एकटा धरू नका. सेमीचा सुकवायचा टब बारका असतो, फ्रंट लोडच्या ड्रमच्या साधारण निम्म्या व्यासाचा. पाणी बाहेर फेकायचा जोर व्यासाच्या पटीत आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत. म्हणून १२०० वालं फ्रंट लोड सगळ्यात पुढं, मग तुमचं सेमी, मग ७०० वालं टॉप लोड. सुक्या एक किलो कपड्यात, फ्रंट लोडला १४०० वर साधारण अर्धा लिटर पाणी राहतं, ८०० वर पाऊण लिटर. चार महिने ऊन नसलेल्या गावात हा पाव लिटर म्हणजे एक रात्र.

पण सेमीत ओलं धुणं या टबातनं त्या टबात कोण टाकणार? सासूबाईंची कंबर कशी आहे?

शाळामास्तर_निवृत्त | बुधवार, रात्री ८:३०

वर्गाच्या पटीत. मान्य. गणिताचा तास घेत होतो आणि हे सुचलं नाही.

शहापूरची_सून | गुरुवार, रात्री १०:१०

सासूबाईंची कंबर गेल्या वर्षीपासून धरलेलीच आहे. त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग खाली न्या की मशीन." आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. परसदारी न्हाणीला लागून पडवी आहे, पत्र्याची, नळ आहे, मोरी आहे. तिथं दाब मोजला: आठ अधिक साडेदहा, साडेअठरा फूट. बादली पन्नास सेकंदांत भरली. आणि पावसात गच्चीवर वाळत घालतंय कोण, दोऱ्या पडवीतच असतात. अकरा वर्षं ओलं धुणं वरनं खाली आणतोय आणि सुकलेलं परत वर नेतोय.

बोअरचं पण त्यांनीच सोडवलं. नळाचं पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी भरून घ्यायची, बोअरचा वॉल्व बंद, आणि त्याच दिवशी चादरी, युनिफॉर्म, गरम पाण्याचं सगळं. मधल्या दिवशी बोअरच्या पाण्यात थंड धुणं, म्हणजे हीटर लागतच नाही. मी आपली इनलेटला बसवायच्या फिल्टरच्या किमती बघत बसले होते.

आज खडेबाजारात दोन दुकानं फिरले. एक म्हणाला जीएसटी कमी झाल्यामुळं यंदा तीन हजार उतरलेत. खरं का?

कुंदा_वाटप | गुरुवार, रात्री १०:४०

नाही. वॉशिंग मशीनचा जीएसटी २७ जुलै २०१८ पासून १८ टक्केच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ वर आले ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांवरचे टीव्ही. सूट देतोय तर घ्या, कारण काहीही सांगूदे. त्याला म्हणा, त्या तीन हजारांत स्टँड आणि कव्हर पण बसव.

गच्चीवरची_टाकी | गुरुवार, रात्री १०:५५

चाकांचं स्टँड घेऊ नका. फ्रंट लोड सपाट फरशीवर, चारही पाय टेकवून. पडवीच्या फरशीला मोरीकडं उतार असणार, लेव्हल लावून घ्या.

तिसरं_गेट | गुरुवार, रात्री ११:०२

सायट्रिक ॲसिड, दोन महिन्यांतनं एकदा, शंभर ग्रॅम मोकळ्या ड्रममध्ये टाकून साठ डिग्रीवर फिरवा. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मागा, स्वस्त देतात. आणि पावडर फ्रंट लोडचीच, बादलीची घातली तर फेस बाहेर येऊन नाचालाय बगा.

शहापूरची_सून | रविवार, रात्री ९:१५

घेतलं. आठ किलो, फ्रंट लोड, १२०० चं, बत्तीस हजार सहाशे. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर आणखी शंभर प्रतिसाद त्याच्यावरच यायचे. निपाणीकरांनी सांगितल्याप्रमाणं तीन कंपन्यांना फोन केले. एकीनं "दोन दिवसांत" सांगितलं, एकीनं "बघून सांगतो" म्हणून सांगितलंच नाही, तिसरीचा माणूस आमच्याच गल्लीच्या मागं राहतो निघाला. तिसरीचं घेतलं.

बसवायला माणूस सोमवारी येणार होता. नवऱ्याला धीर कुठला? स्वतःच पाइप जोडून चालू केलं आणि मशीन स्पिनला लागताच पडवीभर चालत सुटलं, बंबापर्यंत गेलं. मागचे वाहतुकीचे चार बोल्ट काढायचेच राहिले होते. नशीब, बंब गार होता. बोल्ट काढून डब्यात ठेवलेत, परत कधी हलवायचं झालं तर लागतात म्हणे. आता वर स्टीलचा पेला ठेवला तरी हलत नाही.

ऑइलच्या कपड्यांची बादली वेगळी झाली, नवऱ्यानं स्वतः भिजवायची असं ठरलंय. दोन दिवस पाळलंय.

शाळामास्तर_निवृत्त | रविवार, रात्री ९:४०

आणि सासूबाई?

शहापूरची_सून | रविवार, रात्री ९:४६

समोर पाट टाकून बसून अख्खं धुणं बघितलं, दारातनं दिसतं म्हणून. लुगडी मात्र आत घातली नाहीत. ती त्यात अडकली होती ते विसरल्या नाहीत.

उद्यमबागकर | रविवार, रात्री १०:०२

वैनी, जुनं मशीन एक्स्चेंजला दिलं काय? दिलं नसेल तर ड्रम मला द्या. स्टेनलेसचा, भोकांचा, थंडीत अंगणात शेकोटीला त्याच्यासारखं काही नाही. आणि स्पायडर मोडला होता का तेही कळेल.

शहापूरची_सून | रविवार, रात्री १०:१०

हजारच देत होते, दिलं नाही. आजच उघडलं, स्पायडरचा एक पाय पार तुटलेला, बाकीचे दोन बिस्किटासारखे ठिसूळ. ड्रम न्या. येताना चांगला पाना आणा, मागची पुली काढता काढता ह्यांनी बोल्ट गोल करून ठेवलाय.